देठ

अराग्वीच्या काठी, घाट जिथं पहिलं वळण घेतो,
तिथं झुझुनाचं दुकान. चार टेबलं,
एक लंगडं, त्याच्या पायाखाली
सोविएत ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका.
पाटी नाही. मेनू नाही.
कुणी सॅलड मागितलं तर ती खिडकीतून
नदीपलीकडं बोट दाखवते.
इथं फक्त खिंकाली.

मुठीएवढी पुरचुंडी.
कणीक अशी घट्ट की मळताना टेबलानं कुरकुरावं.
खिम्यात कांदा, मिरची, कुरणातलं रानजिरं,
आणि पाणी, लोकांना वाटतं त्याहून पुष्कळ पाणी.
मग मुरड.
एकोणीस चुण्या हव्यात, असं पाहुणे एकमेकांना सांगतात.
झुझुना मोजत नाही. एकोणीस-वीस चालतं, म्हणते,
फाटलं नाही म्हणजे झालं.

वर उरतो देठ.
देठाला धरायचं, उलटं करायचं,
कडेला बारीकसा दात लावून आधी रस्सा ओढून घ्यायचा.
काटा मागेल त्याला ती काटा देते,
ताटात तळं झाल्यावर दुसरं ताट देत नाही.
देठ खायचा नसतो. तो कच्चट राहतो,
आणि तो हिशेब असतो.

मी देठ मोजते.
सोळा वर्षं. ताट उचलायचं, देठ मोजायचे,
दारामागच्या फळीवर खडूनं आकडा.
खिंड बर्फानं बंद पडली की येरेवानचे ट्रकवाले
तीन-तीन दिवस अडकतात.
त्यातल्या एकानं एका बैठकीत सत्तेचाळीस खाल्ले
आणि बाहेर जाऊन आईला फोन केला.

वार्लाम मास्तर दर गुरुवारी यायचे.
गणित शिकवायचे. मला दोनदा नापास केलेलं,
दुसऱ्यांदा अर्ध्या गुणानं.
बारा खायचे. ताटात देठ नऊ.
रुमाल काढायच्या निमित्तानं
तीन कोटाच्या डाव्या खिशात.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खोटं कशाला सांगू,
मला आनंद झाला.
आत गेले. झुझुना पातेल्यापाशी, वाफेत चेहरा दिसेना.
‘ताटात किती?’
‘नऊ. पण—’
‘ताटातले मोज.’

फळीवर नऊ लिहीत गेले.
पुढं त्यांचे हात थरथरायला लागले.
एकदा एक देठ खाली पडला.
मी त्यावर पाय ठेवला,
आणि आम्ही दोघं बराच वेळ नदीकडं पाहत राहिलो.

मार्चमध्ये ते गेले.
चाळिसावा दिवस उलटल्यावर मेदिको, त्यांची बायको,
कोट घेऊन आली. कुणाला बसला तर द्या, म्हणाली,
पण अस्तरात उंदरांनी काहीतरी साठवलंय.
खिसा आतून फाटला होता.
तिनं कोट झटकला, आणि लंगड्या टेबलावर
खडे पडावेत तसे देठ खडखडले.
मला इतकी वर्षं वाटायचं, ते कुत्र्याला घालतात.

‘हे काय?’
झुझुनानं पिठाचे हात एप्रनला पुसले. म्हणाली, ‘बस.’
आणि एक ताट आणलं.
मेदिको इथं कधी आली नव्हती.
गुरुवारी तो बुद्धिबळ खेळायला जायचा, म्हणाली.
चार खाल्ले. मीठ जास्त आहे, म्हणाली.
पाचवा हातात धरून बसली, तो निवेपर्यंत,
मग तसाच ठेवला.

ती गेल्यावर मी तिचं ताट उचललं. चार.
फळीवर लिहिलं नाही.

वाळलेले मात्र मोजले. सवय.
दोन कुत्र्यापुढं टाकून पाहिले,
त्यानं हुंगले, तोंड फिरवलं. परत उचलून आणले.
एकशे सहा.
तीननं भागून पाहिलं.
बाकी एक.